बाबांना शांतता सोसेना

मी दहावीला विज्ञान शिकवते. शाळा मराठी माध्यमाची आहे, पण सुरतेत. मुलं बहुतेक शहराच्या डिंडोली भागातली, खानदेशातून आलेल्या घरांतली. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्यासमोर उभं राहिलं की जपून जपून पुस्तकी मराठी. चेतासंस्था आणि संप्रेरकं हा धडा मी इतक्यांदा शिकवलाय की झोपेतून उठवलं तरी फळ्यावर आकृती काढून देईन. हा धडा शिकवायचा म्हटलं की उदाहरण ठरलेलं असतं, वाघाचं. समजा, माणसासमोर अचानक वाघ आला, तर त्याच्या शरीरात काय घडेल?

घडतं ते असं. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला कळतं न कळतं, तोवर मज्जातंतूंमधून निरोप गेलेला असतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी, त्या ॲड्रेनालिन सोडतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांकडे रक्त धावतं, पोटाचं काम थांबतं, रक्तात साखर वाढते. हा झाला तातडीचा निरोप. मागून एक सावकाश निरोप निघतो, मेंदूच्या तळातून पीयूषिका ग्रंथीकडे आणि तिथून पुन्हा त्याच अधिवृक्क ग्रंथींकडे. त्यातून कॉर्टिसॉल येतं. ते लवकर जात नाही. वाघ निघून गेला की शरीरातलाच दुसरा गट कामाला लागतो आणि सगळं पूर्ववत करतो. हे शिकवून झालं की मुलं वहीत वाघ काढतात. त्यांनी वाघ पाहिलेला असतो तो पिंजऱ्यात, दुपारचा झोपलेला. मला त्या उदाहरणाची नेहमी चीड यायची, पण दुसरं सुचत नव्हतं.

माझे बाबा लूमच्या खात्यात कारागीर होते. सुरतेत कापडाच्या मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. लग्न झाल्यावर ते नंदुरबारकडच्या आमच्या गावाहून आले आणि खात्यात शिरले ते आजारपणानेच बाहेर पडले. मी लहानपणी त्यांचा डबा द्यायला जायचे. पत्र्याखाली ओळीने मशिनी, आणि असा आवाज की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागे. एकेका कारागिराकडे बऱ्याच मशिनी असत. धागा तुटला की मशीन आपोआप थांबे, आणि थांबलेल्या मशीनवर कापड निघत नाही. पगार मीटरवर. त्यामुळे कारागिराचं खरं काम चाललेल्या मशीनकडे पाहणं नव्हतंच. कुठली थांबली ते ओळखायचं, धावायचं, तुटलेली तार, म्हणजे तो धागा, शोधून गाठ मारायची आणि मशीन पुन्हा सुरू करायची. तेवढ्यात दुसरी कुठली तरी थांबलेली असे.

गंमत म्हणजे, त्या गदारोळात बाबांना आवाज ऐकू यायचा नाही, आवाज बंद झालेला ऐकू यायचा. माझ्याशी खुणांनी बोलता बोलता ते एकदम वळत आणि पाठीमागच्या ओळीतल्या नेमक्या मशीनपाशी जाऊन उभे राहत. मला वाटे, बाबांना जादू येते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, असं माझं सगळं बालपण गेलं. रातपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपत, आणि आम्ही भावंडं त्यांच्या उशापायथ्याशी खुशाल भांडत असू. त्यांची झोप कधी मोडली नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते खात्यात मशीनपाशीच खाली बसले. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. कुणी पाणी पाजलं, कुणी कांदा हुंगवला. घाम थांबेना तेव्हा रिक्षात घातलं. हृदयविकाराचा झटका होता. रक्तवाहिनीत नळी टाकली, जीव वाचला. घरी सोडताना हृदयाच्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला बाजूला घेतलं. डॉक्टर गुजराती, बोलणं हिंदी.

"काका का हार्ट थोड़ा वीक हो गया है. धड़कन और प्रेशर ऐसे ही ऊपर रहे तो दूसरा अटॅक आएगा, और वो ये सहन नहीं कर पाएँगे. काम बंद. टेन्शन बंद. एकदम शांति में रखने का."

शांती म्हटलं ना, मग आम्ही ती अशी काही पाळली की विचारू नका. भाऊ साड्यांच्या मार्केटमध्ये कामाला, पक्का सुरती झालेला, दिवसभर फोनवर ओरडणारा. तो घरात शिरताना फोन मुका करू लागला. टीव्हीवर चादर पडली. माय, म्हणजे आमची आई, चटणी वाटायला मिक्सर उचलून शेजारणीकडे जाऊ लागली. कुकर लावणं बंद झालं, कारण शिट्टी. भिंतीपलीकडे एक जण एम्ब्रॉयडरीची मशीन चालवतो, त्याला भावाने हात जोडून सांगितलं, तर बिचाऱ्याने दुपारचं काम संध्याकाळवर नेलं. पंख्याचं एक पातं खडखडत होतं, तर तो पंखाच उतरवून नवा लावला, अजिबात आवाज न करणारा. मी वेगळी राहते, शाळा सुटल्यावर रोज यायचे, तीही दाराबाहेर चपला हातात घेऊन. डिंडोलीच्या गल्लीत इतकं शांत घर दुसरं नसेल.

आणि बाबा दिवसेंदिवस खंगत गेले. खाटेवर पडत, डोळा लागे, आणि एकदम दचकून उठून बसत. अंगाला घाम. नजर भिंतीवरून फिरत राही. जेवण जाईना. मी मनगट धरून ठोके मोजायचे, तर नाडी अशी पळत असे की माझाच जीव वरखाली व्हायचा. औषधं वाढवली. डॉक्टर विचारायचे, घर में कोई टेन्शन? आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. घरात तर आता भांडायचीही कुणाची टाप नव्हती.

सुरतेतल्या आमच्या लोकांत एक ठरलेलं आहे. दवाखाना हरला की माणसाला गावी न्यायचं. इथली हवा वाईट, पाणी वाईट, आवाज वाईट, आणि गावाकडचं सगळं औषध, ही आमची श्रद्धा. जन्म इथे काढलेली माणसंही आजारी पडली की गावाचं नाव घेतात. माय म्हणाली गावी नेऊ, भाऊ म्हणाला नेऊ, मी विज्ञानाची बाई, मीही म्हणाले नेऊ. काकांचं घर गावाच्या टोकाला, मागे शेत. याहून शांत जागा कुठली मिळणार?

माय त्यांना घेऊन गेली, आणि तिथून तिने फोनवर सांगितलं ते ऐकून मी हबकले. बाबा आता पडूनही राहत नव्हते. बसून असत, छातीवर हात ठेवून. काकूने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या होत्या. काकांचं म्हणणं, गेल्या श्रावणात सुरतेत कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट नीट झाले नाहीत, त्याचं हे आहे. मला संताप आला. पण देवीचं असो नाहीतर नजरेचं, त्यांच्याकडे निदान काही कारण तरी होतं. माझ्याकडे धडा पाठ होता आणि कारण एकही नव्हतं. मी सुट्टी टाकून गावी गेले.

काका मला अंगणात घेऊन उभे राहिले. त्यांना अजून आशा होती.

"देख पोरी, किती शांत शे. आठे कावळा बी वरडस नही. तुन्हा बापले आनखी काय पाहिजे?"

खरंच सगळं स्तब्ध होतं. ओट्यावर बाबा भिंतीला टेकून बसले होते. गालफडं आत गेलेली, डोळे मोठे दिसत होते. मी जवळ बसून मनगट हातात घेतलं. तिथे कुणी काही बोलत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं, पान हलत नव्हतं, आणि माझ्या बोटांखाली माझा बाप जिवाच्या आकांताने पळत होता. हा माणूस जातो, असं मला तेव्हा स्वच्छ वाटलं. मी मायला म्हटलं, पिशव्या भर.

नंदुरबारहून सुरतेची पॅसेंजर मिळाली. जुने डबे, खिडक्या खडखडत होत्या, शेजारच्या बाकावर पाच-सहा बाया मोठमोठ्याने लग्नातल्या मानपानाचा हिशेब चुकता करत होत्या. मला बाबांची काळजी वाटत होती की या गोंगाटात ते कसे टिकतील. गाडीने वेग घेतला आणि बाबांची मान खिडकीच्या गजांवर टेकली. तोंड उघडं पडलं. ते घोरू लागले.

माय माझ्याकडे बघत राहिली. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी संथ चालली होती. कित्येक आठवड्यांत मी ती तशी पाहिली नव्हती.

मग कुठल्याशा छोट्या स्टेशनाच्या अलीकडे गाडी उभी राहिली, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला. चाकं थांबली, खिडक्या थांबल्या, बायाही नेमक्या गप्प झाल्या. आणि बाबा ताडकन उठून बसले. डोळे उघडे, पण आम्ही त्यांना दिसत नव्हतो. उजवा हात समोर हवेत गेला होता आणि अंगठा नि तर्जनी एकमेकांवर घासत होती, गाठ मारताना घासतात तशी. माझ्या हातातली नाडी उसळली.

"बाबा, काय व्हयनं?"

ते भानावर आले. ओशाळले. "काही नही. मशीन बंद पडनं, आसं वाटनं मले."

गाडी हलली. ते पुन्हा कलंडले. पुढे गाडी अशीच आणखी एकदा थांबली, आणि पुन्हा तेच झालं. तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं बाबांच्या शरीराने एकच धडा गिरवला होता. आवाज आहे तोवर सगळं ठीक. आवाज थांबला की धाव. ती धाव त्यांच्या मनात नव्हतीच, मनाला तर ठाऊक होतं की खातं सुटलं, मशिनी सुटल्या. पण मज्जातंतूंना आणि त्या दोन टोप्यांना कोण सांगणार? शांतता झाली की निरोप जायचा, ॲड्रेनालिन यायचं, मागून कॉर्टिसॉल यायचं, आणि गाठ मारायला समोर मशीनच नसल्यामुळे ते सगळं कधी संपायचंच नाही. खात्यात निदान तार जोडून झाल्यावर मशीन सुरू व्हायची. घरात आम्ही त्यांना अखंड बंद मशीनपाशी उभं करून ठेवलं होतं.

मी हे मायला अहिराणीत जमेल तसं सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला.

"म्हंजे आपनच त्यास्ले मारी राहिनूत?"



सुरतेत आल्या आल्या भावाने माळ्यावरून जुना खडखडणारा पंखा काढून परत लावला. माय चटणी घरात वाटू लागली, लागत नसली तरी वाटू लागली. एम्ब्रॉयडरीवाल्याला भावाने पुन्हा हात जोडले, की बाबा रे, दुपारीच चालव, भिंतीला लागून चालव. त्याला वाटलं असेल, या घराचं डोकं फिरलं. टीव्हीवरची चादर निघाली आणि कुणी बघत नसताना बातम्या ओरडू लागल्या. बाबा झोपले. जेवले. अंगावर जरा मांस धरलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी प्रेशर दोनदा घेऊन पाहिलं आणि "शांति में रखा ना?" असं विचारलं. भावाने "हां सर" म्हणून मान डोलावली. बाहेर आल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो.

ते हसू फार टिकलं नाही. हिवाळा सरता सरता बाबा पुन्हा दचकू लागले. पंखा डोक्यावर खडखडत असताना विचारत, पंखा बंद का केला. मी समोर बसून बोलत असले की माझ्या ओठांकडे बघत. ते मोठ्याने बोलतात हे तर आम्हाला जन्मापासून माहीत, खात्यातली सगळीच माणसं तशी बोलतात. पण आता त्यांना ऐकूही येत नव्हतं. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथे कान तपासायची एक छोटी खोली असते, चारी बाजूंनी जाड गादी लावलेली, दार लावलं की बाहेरचं काही आत जात नाही. बाबांना आत बसवून दार लावलं आणि काचेतून मी पाहिलं, त्यांचा हात छातीवर गेला. मी दार उघडायला लावलं. दाराच्या फटीत माझा हात त्यांच्या खांद्यावर ठेवून कशीबशी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावर घसरत गेलेली रेघ दाखवली. आतल्या कानाच्या नाजूक पेशी मेल्या आहेत, मेलेल्या परत येत नाहीत, उरलेलंही हळूहळू जाईल. कारण विचारावं लागलं नाही. कानातलं यंत्र दिलं, ते बाबांनी घातलं आणि डोकं भणभणतं म्हणून काढून ठेवलं.

परत येताना रिक्षात मला रडू फुटलं. ज्या आवाजाशिवाय त्यांचं शरीर जगायला तयार नव्हतं, त्याच आवाजाने त्यांचे कान खाल्ले होते. बाहेरची शांतता असती तर आम्ही ती मोडली असती, गल्लीत बँड लावला असता. ही आता त्यांच्या आतून येत होती, रोज थोडी थोडी. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलेला दुसरा झटका मला समोर दिसत होता, आणि मला काहीही करता येत नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "कसाले रडी राहिनी?" रिक्षावाला मागे वळून बघायला लागला.

त्यानंतर काही दिवसांनी शाळेतून आले तर माय खाटेवर बसली होती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या घरात माय बाबांच्या खाटेवर कधी बसत नाही. ती खाली बसते, पायथ्याशी. आमच्यासमोर तिने बाबांना हात लावलेला मला आठवत नाही, दवाखान्यातसुद्धा लावला नाही. आता ती त्यांच्या पाठीशी बसली होती आणि त्यांना थोपटत होती. एका लयीत, बऱ्यापैकी जोरात. बाबा कुशीवर झोपले होते. पंखा बंद होता, वीज गेली होती, आणि ते झोपले होते.

मला बघून ती लाजली, पण हात थांबवला नाही.

"लेकरूले थोपटतस तसं. आनखी काय करू मी?"

कानांना पोचत नव्हतं ते पाठीला पोचत होतं. काही तरी चाललंय, थांबलेलं नाही, एवढंच त्या शरीराला हवं होतं. मी वर्गात ज्या दुसऱ्या गटाबद्दल शिकवते, सगळं पूर्ववत करणाऱ्या, तो कधीचा रुसून बसला होता. माझ्या आईच्या हाताखाली तो कामाला लागला होता.

तिने ते रोज चालवलं. दुपारभर, संध्याकाळी, मधून हात बदलत. हात थांबला की बाबा डोळे उघडत, म्हणून ती थांबत नसे. प्रेशर उतरलं, नाडी सावकाश झाली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. भावाने मार्केटमधून पेढे आणले. घरात सणासारखं वाटू लागलं.

एका रविवारी मी नेहमीसारखी बाबांची नाडी बघायला बसले. शांत, भरलेली, एका चालीची. मग सहज, थोपटून मायचा हात दुखत असेल म्हणून, मी तिचा मोकळा हात चोळायला घेतला आणि माझी बोटं तिच्या मनगटावर पडली.

तिची नाडी पळत होती. गावच्या ओट्यावर बाबांची पळत होती, तशी. चेहऱ्यावर काही नाही. पदर नीट, हात लयीत, आणि आत ही धावाधाव. बाबांचा श्वास जरा लांबला की तिची बोटं क्षणभर आखडत, आणि नाडी आणखी उसळे. मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले. हे किती दिवसांचं होतं, किती वर्षांचं होतं, कुणाला ठाऊक? तिला कुठला डॉक्टर नव्हता, कुठला कागद नव्हता. आमच्या घरात तिची नाडी कुणी कधी पाहिलेलीच नव्हती.

"माय, तुले तरास व्हस का?"

"मले काय व्हई?"

"आडी पड जराशी."

"आनि हात थांबना तं? ते उठतीन ना."

"मी थोपटस."

ती ऐकेना. मी रागावले, वर्गात रागावते तशी. तेव्हा कुठे ती खाटेच्या कडेला, बाबांकडे पाठ करून, अंग चोरून आडवी झाली. मी जमिनीवर गुडघे टेकून बसले. एक हात बाबांच्या पाठीवर ठेवला. ती डोळे उघडे ठेवून माझ्या त्या हाताकडे मान वळवून बघत होती, थांबतो की काय म्हणून. मी दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि तोही हलवू लागले. ती दचकली. "मले कसाले?" म्हणाली. मी थोपटत राहिले. दोन्ही हातांची लय जमायला वेळ लागला, एकाची बसली की दुसऱ्याची सुटायची. तिचा खांदा लाकडासारखा घट्ट होता. बऱ्याच वेळाने तो माझ्या हाताखाली हळूच खाली गेला, आणि ती झोपली.